धारेच्या दुकानाची आणि थोरलीच्या हाताची व्यवस्था

मी, चौकातला धारवाला, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी केलेलं नाही. मरायची घाई मला नव्हती, ती आता पुतण्याला झाली आहे.

एक. दुकान, वरची खोली, धारेचं यंत्र आणि सगळे दगड थोरल्या मुलीला. पुतण्या अर्धं दुकान मागतो. त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने, आपला वाटा केव्हाच घेतला आणि फुंकला.

दोन. बँकेतली ठेव आणि तिच्या आईचं कपाट धाकटीला. दार करकरतं, तेल घालावं.

तीन. पुतण्याला काही नाही. गेल्या महिन्यात तो जी पहार घेऊन दुकानात शिरला, ती पोलिसांकडे आहे, त्यांनीच ठेवावी.

चार. हे नीट वाचावं. त्या दिवशी पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला. दुसरा डोक्यात पडणार, तोच थोरलीने धारेला आलेला खाटकाचा सुरा उचलला. पुतण्याच्या हातची पहार गळाली आणि तो पाठ फिरवून पळाला. ही त्याच्या मागे! मी ओरडलो, "बस!"

धार झाली की मी एवढंच म्हणतो. मग दगडावरचं पातं उचलायचं, फिरवायचं आणि मूठ माझ्याकडे करायची. थोरली लहानपणापासून हेच करत आली. तिचा हात सवयीने थांबला, सुरा फिरला, मूठ माझ्या हातात आली. मग दोघंही खाली बसलो.

या मृत्युपत्रासाठी बोलावलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "पहार डोक्यावर होती तेव्हा हिच्या वाराने तो मेला असता, तरी मी कोर्टात छाती ठोकून उभी राहिले असते. पहार पडली, पाठ फिरली, तिथे बचाव संपला. पुढचा वार म्हणजे खून."

थोरली फणकारली, "आणि तो परत आला तर?"

"अंगावर आला तर मार. तेही जीव वाचण्यापुरतंच."

पाच. जामिनावर सुटल्यापासून तो गल्लीत सांगत फिरतो, म्हाताऱ्याला संपवतो. मी मरणाला भितो, खोटं कशाला बोलू? पण थोरलीच्या रागाला जास्त भितो. तो माझाच राग आहे, नाकासकट उचललाय पोरीने. मला मारून तो पळेल, तेव्हा तिला त्याची पाठच दिसेल. हाताशी सुरा असणारच, दुकानच तसलं. आणि ओरडायला मी नसेन. तुरुंगात बसलेल्या पोरीला दुकान देऊन मी काय मिळवलं? म्हणून तो शब्द आत्ताच लिहितो. थोरले, बस. मूठ इकडे कर.

ठिकाण: दुकानावरची खोली. तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली.

सही: धारवाला. उजवा खांदा उचलला जात नाही, म्हणून डाव्या हाताने.

साक्षीदार: शेजारचा शिंपी, खांदा बांधणाऱ्या डॉक्टरीणबाई.

ताजा कलम: थोरलीला दुकान मिळणार, म्हणून तिची साक्ष चालत नाही. तरी वाचून झाल्यावर तिने कागद ओढला आणि मागच्या बाजूला लिहिलं: ऐकलं, बाबा.