किल्लीला लावलेला चिमटा

सूनबाई,

२००१ साली ही छोटी गाडी आपण जुनीच घेतली, तेव्हाही तिचा पेट्रोलचा काटा बंदच होता. तुझे सासरे म्हणाले, "काटा खोटं बोलेल, चिमटा बोलणार नाही." तेव्हापासून किलोमीटरच्या हिशोबाने पेट्रोल संपत आलं की शेवटी गाडी चालवणाऱ्याने किल्लीला कपड्यांचा चिमटा लावून ठेवायचा. ते गेले, तरी आपण तो नियम पाळला.

परवा तुझ्या नवऱ्याने चिमटा लावला होता गं. काल सकाळी वाऱ्याने माझी चादर दोरीवरून उडायला लागली आणि हाताशी तोच चिमटा दिसला, तो काढून चादरीला लावला. लगेच परत किल्लीला लावीन म्हटलं आणि साफ विसरले. तू पुलावर अडकलीस, नोकरीची मुलाखत हुकली. "साधा एक चिमटा लावता येत नाही तुला?" म्हणून तू त्याला फैलावर घेतलंस. तो शपथा घेत होता आणि मी शेजारी भाजी निवडत राहिले. आज तो चहासुद्धा न घेता कामावर गेला.

मी गाडी घेऊन मेकॅनिककडे चालले आहे. भंगारातल्या गाडीचा काटा हिला बसवून देतो म्हणाला. यांचा नियम मोडला तर मोडू दे. तुझी मुलाखत मात्र मला परत आणता येणार नाही.

संध्याकाळी मला हवं ते बोल. फक्त त्याच्यासमोर बोल, कारण काल तू त्याला माझ्यासमोर बोललीस.

आई