मोटारीच्या ब्रेकला लावलेली वजरी

आत्याबाई, परवा नातवाच्या गाडीत बसले होते. उतारावर त्यानं ब्रेक दाबला, तशी मागून किंकाळी आली आणि मी कुणी न विचारताच बोलून गेले, "मागचं डावं चाक बघ रे." तो हसला. आजीला गाडीतलं काय कळतंय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्याला काय सांगायचं? सासूला आत्याबाई म्हणायची आपली रीतसुद्धा त्याला माहीत नाही, मग तुमची सून होणं म्हणजे काय, हे कुठून कळणार. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याइतकं हक्काचं माणूस मला अजून मिळालेलं नाही.

निजामाचा अंमल होता तेव्हा. तलवाड्यात मोटार ती आपलीच, मामंजींनी बीडच्या एका वकिलाकडून घेतलेली जुनी, आणि चालवणार धाकटे भावजी. थांबताना ती अशी ओरडायची की कुत्री पारावरून उठून पळायची. लिंबागणेशला वन्संच्या सासरी ती गेली, तेव्हा त्या आवाजानं व्याह्यांचे बैल उधळले आणि गाडीचं जू मोडलं. व्याह्यांचा निरोप आला, "असल्या मोटारीत आमी पोटुशी सून बसवनार न्हाई." वन्संना आठवा लागलेला. त्यांचं पहिलं बाळ सासरीच गेलं होतं, सुईण वेळेवर पोचली नाही म्हणून. बैलगाडीनं आणावं तर घाटातले हादरे सोसायचे. तुम्ही चूल फुंकता फुंकता एवढंच म्हणालात, "हे बाळंतपन माज्या हाताखाली व्हईल." मग आणायचं कसं, एवढाच प्रश्न उरला.

भावजींनी उपाय काढला. आपल्याकडं चाक कुरकुरलं की माणूस आधी वंगणाची नळी शोधतो. भावजींनी मागच्या दोन्ही चाकांत, ब्रेकच्या डब्यांत, चांगलं हात भरून वंगण घातलं. मोटार अगदी गप्प झाली. मामंजी खूश झाले, आणायला येतो म्हणून लिंबागणेशला निरोपही गेला. तुम्ही गोषातल्या. मोटार तुम्ही कधी धड पाहिलेली नव्हती, तिचं येणं-जाणं भिंतीआडून ऐकायचात, तेवढंच. तुम्ही मला म्हणालात, "वरडत न्हाई हे खरं, पर थांबती का? तसं इचार तुज्या दिराला." मी दाराआडून विचारलं. भावजी म्हणाले, "न थांबायला काय झालं, वहिनी? लोण्यावानी चालती," आणि दाखवायला म्हणून मोटार ओढ्याच्या उतारावर नेली. लोण्यासारखीच गेली ती. उतार संपला, ओढा आला, ओढाही ओलांडला आणि कडब्याच्या गंजीत नाक खुपसून थांबली. भावजींच्या टोपीत आठवडाभर कडब्याची पानं निघत होती, असं मी सगळ्यांना सांगायचे. तुम्ही मात्र हसला नाहीत. ती मोटार घाटात असती आणि आत वन्सं असत्या, हेच तुमच्या डोळ्यांपुढं होतं.

मामंजी म्हणाले, आता बैलगाडीच जुंपू. तुम्ही नाही म्हणालात. चाकं बाहेर खोला आणि आतलं सामान माजघरात पाठवा, असा हुकूम सोडलात. गडी सामान दाराशी ठेवतात, मी आत ओढून घेते. लोखंडाच्या अर्धगोल कमानी, त्यांवर तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेले जाड पट्टे. हेच चाकाच्या डब्याला आतून घासतात आणि मोटार थांबवतात, असं भावजी दाराबाहेरून सांगतात. तुम्ही पट्ट्यावरून बोट फिरवता. वंगणाखाली तो आरशासारखा गुळगुळीत. "अगं, हे तर जातं हाय," तुम्ही म्हणता. "जातं गुळगुळीत झालं का नुसतं वरडतं, पीठ पाडत न्हाई. मंग आपुन त्याला छिन्नीनं टाकी लावतो का तेल पाजतो?" बाहेरून भावजींचा आवाज येतो, "टाकी लावतो." तुम्ही म्हणता, "मंग कावून पाजलं बे?" मोटार हाकणाऱ्या लेकाला 'बे' म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझी सासू होती याचा मला आजही तोरा आहे.

मग दोन दिवस आपलं माजघर म्हणजे कारखाना झालं. पट्टे पेट्रोलमध्ये बुडवून धुतले. वर चुलीतली राख दाबली, तिनं आतलं तेल ओढून घेतलं. झटकून उन्हात टाकले, पुन्हा धुतले, पुन्हा राख. चाकांचे डबे मी कोरडे होईपर्यंत पुसत राहिले. शेवटी तुम्ही न्हाणीतून पाय घासायची वजरी आणलीत आणि पट्ट्यांची चकाकी घासून काढलीत. डाव्या चाकाचा पट्टा जास्त गुळगुळीत होता. "हाच वरडत व्हता," तुम्ही म्हणालात, "डाव्या अंगाचा आवाज मला भिंतीतून यायचा." तुमच्या बोटांची सालं गेली होती. मी हात पुढं केला तर म्हणालात, "तू दुसरा घे. हा माजा हाय."

भावजींनी सगळं बसवल्यावर तुम्ही म्हणालात, आधी मी बसते. खिडक्यांना पडदे लावले, तुम्ही आणि मी मागं बसलो आणि भावजींनी मोटार त्याच उतारावर घातली. तुम्ही माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी फुटली. खर्र असा दबका आवाज झाला आणि मोटार उतारावर मधेच उभी राहिली. "पुन्यांदा," तुम्ही म्हणालात. खात्री पटेपर्यंत तुम्ही भावजींना तो उतार उतरायला लावलात. मग उतरताना म्हणालात, "आता माज्या लेकीला आना."

भावजी आणायला गेले त्या दिवशी तुम्ही सकाळपासून दाराआड उभ्या होतात, कान बाहेर लावून. जेवला नाहीत. ऊन कलतं झालं तरी आवाज नाही, तेव्हा तुमचा चेहरा उतरला. तुम्ही मला काहीबाही सांगत होतात, घाटात गर्दी असेल, व्याह्यांनी जेवायला थांबवलं असेल. आणि एकदम मागून "आई" अशी हाक आली. वन्सं उंबऱ्यात उभ्या, पोटावर हात ठेवून. मोटार न ओरडता दारात येऊन थांबली होती, आणि तुमचे कान त्या किंकाळीकडंच लागलेले, म्हणून तुम्हाला कळलंच नव्हतं. तुम्ही त्यांच्यावर खेकसलात, "आवाज तरी द्यावा मानसानं," आणि पदर तोंडाला लावलात.

ती मुलगी तुमच्या हाताखालीच झाली, ठणठणीत. हे पत्र कुठं टाकायचं, मला माहीत नाही, डब्यात राहील. एवढंच सांगायचं राहिलं होतं. वन्सं आल्या त्या दिवशी मी चुलीकडं तोंड करून बसले, दूध उतू जातंय म्हणाले. चुलीवर दूध नव्हतं, आत्याबाई. तुम्हाला पोटभर रडता यावं म्हणून मी पाठ फिरवली होती.