पोपटाचं मागचं बोट

नाना, उद्या सकाळी अंध मुलींची शाळा संग्रहालयात पुन्हा येतेय आणि मला आत्तापासूनच भीती वाटतेय. तुम्ही आज असतात तर म्हणाला असतात, साठी उलटलेल्या माणसाला पोरींची कसली भीती! पण वाटते खरी. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी लाकडाचे पक्षी कोरतो. कुणी शिकवलं नाही, चुकतमाकत हात बसला. दर आठवड्याला संग्रहालयात हौसेने फुकट राबतो. ज्यांना दिसत नाही त्यांनी चाचपून बघावेत म्हणून माझे पक्षी तिथे टेबलावर मांडलेत.

मागच्या वेळी एका मुलीने पोपट उचलला. चोच चाचपली, शेपूट चाचपली आणि पायाशी येऊन थांबली. "काका, याचं एक बोट चुकलंय. आमच्या मळ्यात जाळीत अडकला होता पोपट, मी हातात धरला होता. मागं दोन बोटं असतात त्याला." सगळे बघत होते. मी म्हणालो, "लाकडाच्या पोपटाचं असंच असतं, बाळा." बाकीच्या मुली हसल्या. तिने पोपट खाली ठेवला आणि मग कुठल्याच पक्ष्याला हात लावला नाही.

घरी येऊन खऱ्या पोपटांचे फोटो शोधून पाहिले. पुढे दोन, मागे दोन. मी आपला सगळ्यांना चिमणीचेच पाय, पुढे तीन आणि मागे एक, लावत आलो होतो. मग आपली पेरूची बाग आठवली. मी आठ वर्षांचा, जाळीत पोपट फडफडतोय, तुमच्या अंगठ्यातून रक्त येतंय आणि तुम्ही त्याचा पाय सोडवताय. "भितो काय? इकडं बघ. पुढं दोन, मागं दोन. म्हणून फांदी सुटत नाय त्याची. बघितलं का नीट?" मी म्हणतो, "बघितलं." तुम्ही पोपट सोडून देता.

नवे पाय कोरून बसवलेत. पोपट गुपचूप टेबलावर ठेवून दिला तर कुणाला कळायचंही नाही. तीच समजेल, आपलंच चुकलं होतं. तेच मला खातंय. तिचं बरोबर होतं, मी खोटं बोललो, एवढंच सगळ्यांसमोर सांगायचंय, पण जीभ उचलेल की नाही याची धास्ती वाटते. म्हणून आधी तुमच्यापाशी बोलून बघतोय. हा कागद पोपटाच्याच पिशवीत राहील, तो कुठे जायचा नाही.

नाना, त्या दिवशी मी बघितलं नव्हतं. डोळे गच्च मिटून घेतले होते.