हेलियमच्या नळीचा अर्धा आटा

लिहून ठेवते मी, व्लास्ता ह्रुबेशोवा, वय एकाहत्तर, विद्यापीठाच्या रसायन प्रयोगशाळेतली निवृत्त यंत्रचालक, राहणार ओलोमोउत्स. डॉक्टरांनी हात टेकले असले तरी माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि कोणी मागे उभं राहून हे लिहवून घेत नाही.

१. राहता फ्लॅट भाचा बोरेक यास द्यावा. सात वर्षांत तो दोनदा आला, दोन्ही वेळा खोल्या मोजायला. तरी द्यावा, दुसरं आहे कोण?

२. बागेतली खोली व आलुबुखाराची झाडं बहीण ल्युदा हिला. आईच्या बशा तिनं परत केल्या नाहीत, हे मी विसरलेले नाही.

३. माझी निळी वही इवेता स्कालोवा हिला द्यावी. कारण सांगणं भाग आहे. आमचं यंत्र भारित रेणूंना विजेच्या पिंजऱ्यात धरून तोलायचं. त्यावरून रासायनिक क्रिया कोणत्या वाटेनं जाते ते कळायचं. प्रोफेसर ओताकार माखाट यांना एक रेणू अपेक्षेपेक्षा अठरा एककांनी जड दिसला. क्रियेचा मधला टप्पा सापडला म्हणाले, आणि त्यांचं नाव झालं. त्यांची विद्यार्थिनी इवेता म्हणाली, "सर, अठरा म्हणजे पाण्याच्या रेणूचं वजन. हे पाणी आहे. पिंजऱ्यात ओल शिरतेय."

तिचं खरं होतं. पिंजऱ्यात हेलियम वायू नेणाऱ्या नळीचा जोड गळत होता. शुक्रवारी मी तो आवळला, तर आलेखातलं त्या जड रेणूचं शिखर गायब. सोमवारी सरांचा चेहरा उतरला. मला बघवेना. मी जोड अर्धा आटा सैल केला, शिखर परतलं. दोन्ही आलेख वहीत चिकटवले आहेत.

आठवड्यानं इवेताची प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. "म्हणे पाणी. आधी यंत्र शिकून या," सर सगळ्यांदेखत म्हणाले. मी दाराशी तोंडात गुळणी धरून उभी. पोरीनं रसायन सोडलं. आता यिह्लावात चष्मे विकते. गेल्या वर्षी तिला जाऊन सगळं सांगितलं. "मावशी, मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा," एवढंच बोलली.

सरांकडे तीनदा गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा केला, आणि मी चहा पिऊन न सांगताच परतले. म्हणून आज त्यांनाच साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. निदान वाचतील तरी.

ठिकाण ओलोमोउत्स, ९ नोव्हेंबर २०२३
सही: व्लास्ता ह्रुबेशोवा
साक्षीदार: १. यार्मिला पेत्रझेलोवा, शेजारीण. २. प्रा. ओताकार माखाट.

सह्यांनंतर माझ्याच हातच्या ओळी: "सर, आधी वाचा," मी म्हणाले. "तुम्ही लिहिलंय ना, व्लास्ताबाई? मग वाचायचं काय? तीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवलाय तुमच्यावर," असं म्हणत त्यांनी सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी पेनाला टोपण लावलं आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला.