तारेचा पेपर

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, ११ मार्च २०२५

ति. अण्णास,
शिवांजलीचे शरणु शरणार्थी.

इकडे सगळे ठीक. अव्वाचा गुडघा आता बरा आहे. परवा माझ्या नकळत रिक्षा करून मंडईत जाऊन आली आणि वर मलाच म्हणाली, "तुला भाव करायला येत न्हाई." वहिनींनी पाठवलेल्या शेंगांच्या पोळ्या पोचल्या आणि संपल्याही. तुझ्या राजवीरची दहावी चालू आहे म्हणून तुला फोन करत नाही, असं मी अव्वाला सांगते. ते खरं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तर मीच उन्हाळ्यावर बोलून फोन ठेवते. म्हणून हे पत्र.

बी.कॉम.चा अभ्यासक्रम नव्याने बांधायचं काम आमच्या अभ्यास मंडळाकडे आहे, हे तुला माहीत आहेच. कोणते विषय सक्तीचे, कोणते ऐच्छिक, कशाला किती श्रेयांक. बाहेरच्याला वाटेल, तिथे ज्ञानाचा काथ्याकूट होत असेल. तसं काही नाही. कोणता पेपर काढून टाकला की कुठल्या कॉलेजात कोणाचे तास जातात, याचा नकाशा प्रत्येकाच्या डोक्यात पक्का असतो. कोणी डोळे मिटून "या विषयाला फार खोली आहे" म्हणालं, की समजावं, यांचा जावई तो विषय शिकवतो. मी अध्यक्ष आहे, म्हणून मला सगळे जावई पाठ झालेत.

तर दुसऱ्या वर्षाचा 'कार्यालयीन कामकाज' हा सक्तीचा पेपर. तार कशी लिहावी, टंकयंत्राची निगा कशी राखावी, टपाल नोंदवहीचे फायदे. तार बंद होऊन जमाना झाला, पण तारेचा प्रश्न दर वर्षी येतो, कारण तो काढला तर घटक जातो, घटक गेला तर तास जातात. हा पेपर रद्द करायचा प्रस्ताव आला आणि मंडळात सगळे आपापले कागद चाळू लागले.

आमच्या मंडळातले बाळासो सर मात्र गप्प बसणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तारेचं काय घिऊन बसलाय? त्यो वर्कलोड हाय. तुमचं बंधू हातकणंगल्यात ह्योच पेपर शिकवत्यात न्हवं? मग?" चहाच्या वेळी बाजूला घेऊन त्यांनी तोडही काढली. "तुमच्या भावाचा पेपर आम्ही ठिवतो, आमच्या दोन पेपरास्नी तुम्ही हात लावू नका. झालं की." माणूस वाईट नाही रे. त्यांना खरंच वाटलं, ते मला अडचणीतून सोडवतायत. आमच्याकडे आजवर असंच चालत आलंय, आणि म्हणूनच पोरांना अजून तार लिहावी लागते.

मी नाही म्हणाले.

अण्णा, वर मी 'प्रस्ताव आला' असं लिहिलंय. तो आला नाही, मी आणला. टिपण माझं, सही माझी. संक्रांतीला तू म्हणालास, "शिवा, जरा बघ की. माझा पेपर तेवढा ऱ्हाऊ दे." मी "बघते" म्हणाले. आपल्याकडे बघते म्हणजे झालं समज, हे मला कळत होतं. त्या वेळी टिपण लिहून तयार होतं. तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही.

त्याच दिवशी जेवताना तू तुझ्या वर्गातल्या, इचलकरंजीच्या त्या मुलीची गंमत सांगितलीस. तारेच्या प्रश्नाला तिने उत्तर लिहिलं होतं, 'तार बंद असल्याने मालकांना व्हॉट्सअॅप केला आहे,' आणि खाली नीट चार ओळींचा मजकूर. तू शून्य दिलंस. नियमाने बरोबर दिलंस. सगळे हसले, वहिनींना तर ठसका लागला. मी हसले नाही, ते तू पाहिलंस आणि माझी वाटी पुढे ओढून आमटी वाढलीस. ती मुलगी क्रांती. सकाळी सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात बसते, म्हणून हजेरी भरत नाही. तुझ्या पेपरात ती नापास आहे आणि आता कॉलेज सोडणार म्हणते. मी तिला भेटले. बी.कॉम.ने तिला काय शिकवलं, असं तिने मला साधंच विचारलं. मला फार लाज वाटली.

नव्या रचनेत त्या पेपरच्या जागी एक सत्र प्रत्यक्ष ऑफिसातलं काम आहे. दूध संघ, सूत व्यापारी, दवाखाना, कुठेही. जी मुलं आधीच काम करतात त्यांचं तेच काम धरलं जाईल आणि हजेरीसाठी त्यांना कोणी अडवणार नाही. शिक्षकाने तिथे जाऊन बघायचं आणि गुण द्यायचे. पण त्याचे तास निम्मेच धरतात. म्हणजे तासिका तत्त्वावरच्या माणसाला जूनमध्ये कॉलेज बोलावणार नाही, आणि त्या कॉलेजात तसा माणूस तू आहेस. एवढं एक वाक्य लिहायला मला आठवडा लागला.

तुझं नाव मी कुठे पुढे करणार नाही. केलं तर बाळासो सरांत आणि माझ्यात फरक काय राहिला? प्राचार्यांशी तू स्वतः बोल. मला मात्र माहीत आहे, पोरांच्या ऑफिसात जाऊन चार गोष्टी विचारायच्या तर तुझ्यासारखा माणूस नाही. तुला फळ्यापेक्षा माणसं आवडतात.

पुढच्या मंगळवारी विद्या परिषदेत मी हा प्रस्ताव मांडतेय. माघार घेणार नाही. तू फोन केलास, रडलास, तरी नाही. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत तर तेही सोसेन.

एकच मागणं आहे. अव्वाला हे मी सांगणार. ती माझ्यावर ओरडेल आणि तू नेहमीसारखा मध्ये येशील, म्हणशील, "तिची काय चूक न्हाई, मीच पेपर काढून टाक म्हणालो होतो तिला." लहानपणापासून माझ्या वाटणीची बोलणी तूच खात आलास. या वेळी तेवढं करू नकोस. तिच्यासमोर माझ्यावर रागव, मोठ्याने रागव.

तुझा पेपर काढणारी,
तुझीच बहीण
शिवांजली