आधी आपल्याकडे, मग वर

३ फेब्रुवारी, सकाळी ७
सासऱ्यांची १९६४ सालची गाडी काल आपल्या दारात आली. सासरे पण आले, महिनाभर मुक्काम. गाडी कुणाच्या तरी नावावर करून मोकळं व्हायचं म्हणतात. मेहुणा विकायला टपलाय. स्वतः पांढरा प्लॅस्टिकचा डबा चालवतो, त्याला काय कळणार? अट अशी की २३ तारखेला मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, तिथे गाडी नीट चालवून दाखवायची. मग तिथेच कागदांवर सही. नाही जमलं तर मेहुणा. म्हणजे आपलीच समजायची.
संकल्प: रोज पहाटे एक तास गाडीची सेवा.

४ फेब्रुवारी, ९.४०
पहाटे जाग आली नाही. संकल्प सोमवारपासून.

६ फेब्रुवारी
पत्र्याचा डॅशबोर्ड. क्रोमचा बंपर. पुढे सलग बाक, तिघं ऐसपैस. दारात छोटी तिकोनी काच, ती उघडली की वारा थेट मानेवर. सिग्नलला एक अनोळखी म्हातारा काच ठोठावून म्हणाला, आमच्याकडे हीच होती, आम्ही आठ जण जायचो. डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं, उगाच कशाला खोटं लिहा.
शेजाऱ्याची नवी गाडी मागे घेताना टुंटुं ओरडते. मालकाला मान वळवता येत नाही, म्हणून गाडीने बोंबलायचं! कीव येते.

९ फेब्रुवारी
गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी आहे. पुढचे चारही लागतात. रिव्हर्स लागत नाही. गिअरबॉक्स गेलेला. मेकॅनिक म्हणतो, साहेब, बॉक्स एकदम ठणठणीत आहे, या, दाखवतो. म्हटलं, हात लावू नकोस. हे लोक जुनं काही दिसलं की आधी स्क्रू ड्रायव्हर काढतात.

१२ फेब्रुवारी
रिव्हर्स घ्यावाच लागत नाही असा रस्ता शोधून काढला. दुकान पाच मिनिटांवर, पण मोठ्या चौकाला वळसा घालून पन्नास मिनिटांत. बायको मांडीवर पिशवी घेऊन शेजारी. दुधाची पिशवी कोमट झाली. म्हणाली, मागे घेतली असतीत तर तिथल्या तिथे वळली असती. तिला सांगितलं की अशा गाडीला मागे घेणं हा तिचा अपमान आहे. ती खिडकीबाहेर बघून हसली. अज्ञान.

१५ फेब्रुवारी
फाटकातून गाडी मागे ढकलायला आज चार जण लागले. शेजारी सर्वांत पुढे, दात काढत. सासरे खिडकीत बसून बघत होते. जेवताना अचानक म्हणाले, जावईबापू, आधी आपल्याकडे, मग वर. घाई नको. मी हो हो केलं. माणसाने आधी स्वतःकडे बघावं, मग देवाकडे, असं असणार. वय झालं की सगळ्यांनाच वरचं दिसायला लागतं. बायकोला ठसका लागला.

१९ फेब्रुवारी
सासऱ्यांनी तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. दोनदा. हाताने काहीतरी ओढल्यासारखं पण करतात. डॉक्टरांना दाखवायला हवं. मेळावा झाला की दाखवू.
पहाटेची सेवा उद्यापासून नक्की.

२३ फेब्रुवारी, दुपारी ४
मैदानात ऐटीत शिरलो. लोक टाळ्या वाजवत होते. शिट्टीवाला संयोजक धावत आला: सगळ्या गाड्या रिव्हर्सने रांगेत लावायच्या, तोंडं लोकांकडे. मूर्खपणा! दांडा हलवला. गाडी पुढे गेली. पुन्हा हलवला. आणखी पुढे गेली. चहाचं टेबल आडवं. जाहीर केलं की गिअरबॉक्स आत्ता, या क्षणी, गेला. मेहुणा खिशातून पेन काढून उभा.
बायको उतरली, वळसा घालून माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, सरका.
सरकलो. तिने दांडा आधी आपल्याकडे ओढला. मग वर. एक हात बाकाच्या पाठीवर टाकून मागे बघितलं आणि एका दमात गाडी रांगेत. कापल्यासारखी सरळ. सासरे खुर्चीत बसून तेच वाक्य पुटपुटत होते, आणि रडत होते.
सही झाली. माझ्या नावावर नाही. मेहुण्याच्याही नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी ९
बायको अठरा वर्षांची असताना सासऱ्यांनी तिला याच बाकावर, याच शब्दांत गाडी शिकवली होती. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, बाबा तीनदा सांगत होते की. आणि मला येते का, हे तुम्ही बावीस वर्षांत एकदा तरी विचारलंत?
आता रोज ती मला ऑफिसला सोडणार आहे. फाटकातून ती रिव्हर्स घेताना मी मागे उभं राहायचं, असं ठरलंय. जबाबदारीचं काम आहे, कुणालाही जमणार नाही. आज पहिल्यांदा उभा राहिलो. येऊ दे, येऊ दे, येऊ दे.
शेजारी बाल्कनीतून ओरडला, अरे वा, तुमच्याही गाडीला आवाज बसवलात!