चाळिसावी पिशवी

प्रिय बाबा,

फोनच करणार होते, पण तुम्ही हवापाण्याच्या गप्पा काढल्या असत्या आणि मीही त्यात रमले असते. म्हणून लिहितेय. गुडघा कसा आहे? त्या दिवशी तळ्याच्या काठावर तीन तास मांडी घालून बसलात, तेव्हाच मला धास्ती वाटली होती.

मी होडीतून तळ्याच्या तळात खुपसून गाळाने भरलेली नळी आणून दिली आणि तुम्ही सेंटिमीटरगणिक चकत्या कापून पिशव्यांवर आकडे टाकलेत. वरचा ताजा गाळ पहिल्या पिशवीत, तळाचा ऐंशी वर्षांपूर्वीचा चाळिसावीत. तपासणीत कातडी कमावताना वापरतात ते विषारी क्रोमियम निघालं ते शेवटच्या पंधरा पिशव्यांत, म्हणजे तुमचा चामड्याचा कारखाना उभा राहण्याच्याही आधीचं. माझा जीव भांड्यात पडला. तिथलं सांडपाणी इतकी वर्षं तुमच्याच ताब्यात होतं. काठावरच्या लोकांना कारखान्याने नळाचं पाणी द्यायचं की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं, आणि मी कारखाना निर्दोष आहे असं लिहून मोकळी झाले.

गेल्या महिन्यात पिशव्या आवरताना चाळिसावीत काहीतरी चमकलं. शाम्पूच्या पुडीचा कोपरा. ऐंशी वर्षांपूर्वी इथे कोण पुडीतला शाम्पू लावत होतं, बाबा? आधी हसू आलं, मग पिशवीवरचा तुमचा आकडा पुन्हा वाचला. सहकारी म्हणाला, वय झालंय, आकडे उलटे पडले असतील. मी मान डोलावली. पण खिळ्यांचे डबेसुद्धा मापाप्रमाणे लावणारे तुम्ही! तुमच्या हातून आकडा चुकत नाही. मला राग आलाय, खूप.

मी एकटीने दुसरी नळी काढली, आकडे स्वतः टाकले. आज निकाल आला. क्रोमियम पंधराव्या चकतीपासून वर थेट पहिलीपर्यंत आहे. पंधरावी म्हणजे तीस वर्षांपूर्वीची. मी आठ वर्षांची होते. त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला तळ्यात पाय घालायला बंदी केलीत. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तरी बधला नाहीत. शेजारच्या पोरी मात्र पोहत राहिल्या. त्यांच्या घरी तुम्ही काहीच सांगितलं नाहीत ना?

नळाच्या पाण्याची सुनावणी सोमवारी अकराला आहे. नवा अहवाल मी देणारच. पहिल्या पिशव्या कुणी भरल्या, त्या रकान्यात तुमचं नाव आहे आणि ते मी खोडणार नाही. म्हणून हे पत्र आधी पाठवतेय. मी बोलायच्या आत तुम्ही उठून बोला, बाबा. माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवते.

तुमचीच, अजूनही,
ठमी